बद्द वाजणारी जागा

माझं लग्न ठरवायला सासरे आमच्या घरी आले होते, तेव्हा मोठी माणसं तारखांचं बोलत होती आणि सासरे खुर्चीत बसून टाचेने जमीन ठोकत होते. माझ्या वडिलांना वाटलं, पाहुणे कंटाळले. निघताना दारात वडिलांचा हात हातात धरून ते म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. दाराजवळच्या चार फरश्या मात्र पोकळ आहेत, तेवढ्या काढून घ्या." वडिलांनी फरश्या काढल्या नाहीत आणि पुढे तीन वर्षांत त्यातल्या दोन फुटल्या. त्यावर सासऱ्यांनी एक अक्षर काढलं नाही. फक्त फुटलेल्या फरशीकडे बघून मग माझ्याकडे बघितलं.

घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. कामावर सगळे त्यांना 'लेव्हल' म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी उकिडवं बसून लोकांच्या पायाखालच्या फरश्या बसवल्या. त्यांची पद्धत ठरलेली. फरशी बसली की हातोडीच्या लाकडी दांड्याने चारही कोपरे ठोकायचे, मग मधली जागा, आणि कान खाली नेऊन ऐकायचं. खाली माल नीट भरला असेल तर फरशी टणक बोलते. कुठे पोकळी राहिली असेल तर बद्द वाजते. बद्द वाजली की तिथल्या तिथे उचलायची, मालक कितीही घाईत असो. हे ठोकणं त्यांना त्यांच्या थोरल्या भावाने शिकवलं. दोघांनी वीस वर्षं जोडीने काम केलं. थोरले ठोकायचे, अण्णा ऐकायचे.

मी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे आणि तोंडाने फटकळ आहे. माझं नि अण्णांचं पटतं, पण भांडून पटतं. त्यांना डब्यांची झाकणं सरळ लावलेली लागतात, मला कोणी सांगितलेलं चालत नाही. सासूबाई म्हणतात, "तुम्ही दोघं एका माळेचे मणी. मी मध्ये दोरा, मीच झिजते."

मागच्या वर्षी अण्णांना मोठा ताप आला. पंधरा-वीस दिवस अंथरुणात होते. उठले तेव्हा अंगावर नुसती हाडं राहिली होती. पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडावी लागली. सगळ्यांनी सांगितलं, महिनाभर काम नको. पण एका वाचनालयाच्या मोठ्या हॉलचं काम त्यांनी आधीच घेतलं होतं, आणि दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ. सोळा दिवस सकाळी बसायचे ते संध्याकाळी उठायचे. हॉल झाला. म्हणतात, आरशासारखा झाला.

त्यानंतर त्यांची चप्पल वाजायला लागली. डावी 'फट' वाजायची आणि उजवी 'सर्र' करून घासत जायची. फट, सर्र. फट, सर्र. सकाळी मी ऑफिसच्या घाईत, आणि हे दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात फट, सर्र. चार दिवस ऐकलं आणि पाचव्या दिवशी म्हटलं, "अण्णा, पाय उचलून चालत जा हो. फरशी तुम्हीच बसवलीत, तुम्हीच घासून काढताय!" दुसऱ्या दिवसापासून ते घरात बूट घालून, नाड्या आवळून फिरायला लागले. मला वाटलं, आला राग नाकावर. मीही मनात म्हटलं, बसा बूट घालून. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

मग एका रविवारी मी फरशी पुसून बादली ओतायला गेले आणि परत येऊन बघते तर ओल्या फरशीवर रक्ताचे ठिपके. मोरीपासून खाटेपर्यंत. "आत्ता पुसली होती मी!" असं ओरडतच आत गेले. अण्णा खाटेवर बसून पेपर वाचत होते. उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला चांगला बोटभर कापलेलं, आणि रक्त खाली गळतंय.

"अण्णा, पाय!"

त्यांनी आधी डावा पाय बघितला. मग उजवा. मग माझ्याकडे असं बघितलं, की माझा राग होता तिथेच गार पडला. त्यांना कळलंच नव्हतं. मोरीत पाय धुताना पत्र्याची धार लागली असणार.

मी जखम धुऊन पट्टी बांधली. बांधता बांधता विचारलं, "इथे हात लावलेला कळतोय?" ते नाही म्हणाले. नडगीच्या बाहेरच्या अंगालाही कळत नव्हतं. "बोटं वर उचला बघू." डाव्या पायाची बोटं टुणकन वर झाली. उजवी तशीच पडून राहिली, अंगठा जेमतेम थरथरला.

"दार लोटून घे," ते म्हणाले. मी लोटलं. "थोरल्याचं असंच सुरू झालं होतं. पायाच्या बोटांपासून."

थोरल्यांना मी पाहिलेलं नाही, माझ्या लग्नाच्या आधीच ते गेले. पण त्यांचं दुखणं या घरात सगळ्यांना पाठ आहे. आधी पाऊल लटकं पडलं, मग दुसरं, मग हात सुकले, मग गिळता येईना. तीन वर्षांत धडधाकट माणूस संपला. शेवटचं वर्ष अण्णांनी त्यांना भरवलं. त्या दुखण्याचं नाव घरात कोणी घेत नाही, नुसतं 'थोरल्याचं ते' म्हणतात.

"आईला सांगायचं नाही," अण्णा म्हणाले. "तिने एकदा बघितलंय. आणि डॉक्टरकडे नेशील तर पाय उचलत नाही एवढंच सांगायचं. हे बधिर झाल्याचं सांगायचं नाही. जेवढं जास्त सांगावं, तेवढं मोठं दुखणं निघतं."

मी हो म्हटलं. रक्ताने माखलेल्या पायासमोर बसून कोण वाद घालणार?

नेहमीच्या डॉक्टरांनी नसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते वयस्कर, सावकाश बोलणारे. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, टाचांवर चालायला सांगितलं, आणि आधी तपासणी करून या म्हणाले. नसांमधून संदेश नीट जातो का, आणि स्नायू त्याला नीट ओ देतात का, ते बघायची तपासणी. बधिरपणाचं त्यांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "तसं काही नाही." मी छताकडे बघत बसले.

तपासणीची खोली लहान होती. एक खाट, एक यंत्र, पडदा नसलेली खिडकी, आणि तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाई, माझ्याच वयाच्या. अण्णांचे पाय गार लागले म्हणून त्यांनी आधी गरम पाण्याची पिशवी पायांवर ठेवली. "पाय गार असले की नस आळशी होते, मग उगाच तिच्यावर आळ येतो," असं म्हणाल्या. मला त्या बाई तिथेच आवडल्या. मग त्यांनी पावलावर चकत्या चिकटवल्या आणि घोट्याशी छोटासा झटका दिला. अण्णांचं ते मेल्यासारखं पडलेलं पाऊल टणकन उडालं! गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला झटका दिला, तेव्हाही उडालं. मग चार बोटं वर, गुडघ्याच्या मागे दिला. पाऊल नुसतं हललं. बाईंनी परत दिला. परत तसंच. त्यांनी पट्टीने अंतर मोजलं, काहीतरी लिहिलं, मग डाव्या पायाला तेच सगळं केलं.

त्यानंतर सुई. बारीक सुई स्नायूत घालायची, आणि स्नायूत काय चाललंय ते यंत्राच्या भोंग्यातून ऐकू येतं. भोंगा ऐकल्याबरोबर अण्णांनी कान टवकारले. उजव्या नडगीत सुई गेली तेव्हा भोंग्यातून तडतड आवाज आला. मग पोटरी, मांडीचा मागचा भाग, डावा पाय, कंबर, दोन्ही हात. प्रत्येक ठिकाणी बाई म्हणायच्या, "सैल सोडा, अगदी सैल," आणि भोंगा गप्प. मग "आता जोर लावा," की खरखर. पण आधी प्रत्येक वेळी गप्प. त्या पुटपुटत लिहायच्या, "शांत... इथेही शांत... शांत."

बाहेर आल्यावर अण्णा बाकावर बसले. चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"ऐकलंस ना?"

"काय?"

"सगळीकडे बद्द. दोन्ही हातांतसुद्धा. त्या एका नडगीत तेवढी धुगधुगी राहिलीय."

मी म्हटलं, अहो, माणूस म्हणजे काय फरशी आहे? पण म्हटलं तेवढंच.

रिपोर्ट दोन दिवसांनी मिळाला, आणि डॉक्टरांची वेळ आणखी तीन दिवसांनी. लिफाफा उघडू नये एवढी अक्कल मला असायला हवी होती. पण ऑफिसात रोज इंग्रजी पत्रं वाचते ना मी! रात्रीची जेवणं झाल्यावर मी, नवरा नि अण्णा गच्चीवर गेलो. आता नवऱ्याला सांगावंच लागलं होतं. त्याने पहिलाच शब्द वाचला, 'ब्लॉक', आणि खालीच बसला. "म्हणजे हार्टचं?" मी त्याला म्हटलं, गुडघ्यात कसलं आलंय हार्ट, दे इकडे. आणि मी वाचलं. डावा पाय, 'नो स्पॉन्टेनियस ॲक्टिव्हिटी'. उजवा हात, तेच. डावा हात, तेच. कंबर, तेच. ओळीने तेच.

"म्हणजे काय?" अण्णांनी विचारलं.

मी शहाणी. मी सरळ शब्दाला शब्द लावून सांगितलं, "आपणहून कसलीही हालचाल नाही."

अण्णांनी मान हलवली. त्यांना जे माहीत होतं, तेच मी वाचून दाखवलं होतं.

पुढचे तीन दिवस मी विसरणार नाही. अण्णांनी हत्यारं काढून पुसली, तेल लावून मुलासमोर, म्हणजे माझ्या नवऱ्यासमोर ठेवली. तो गाडी चालवतो, त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तो बिचारा मुकाट्याने एकेक हातात घेऊन बघत होता. मला त्यांनी वेगळंच काम दिलं. स्टूल घेऊन घरभर फिरायचे, मला खाली बसवायचे आणि हातोडीचा दांडा हातात द्यायचे. "ठोक. आता इकडे ठोक. ऐकू आला फरक?" मला ऐकू यायचा नाही. "कान बसव, सूनबाई. थोरल्याचा माझ्याकडे आला, आता कोणाकडे तरी ठेवायला हवा." मी, जिने जन्मात त्यांचं एक ऐकलं नाही, ती तीन दिवस जमिनीवर बसून ठोकत होते. तिसऱ्या दिवशी कपाटाखालची फरशी बद्द वाजली आणि मला ती ऐकू आली. मी ओरडलेच, "ही! ही पोकळ आहे!" अण्णा हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "तीस वर्षं झाली ही बसवून. मला माहीत होतं. लाजेने कोणाला सांगितलं नव्हतं."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं, बहुधा पहिल्या दिवसापासूनच. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या मीही येणार डॉक्टरकडे."

तर आम्ही चौघं डॉक्टरांसमोर. खुर्च्या दोनच, म्हणून मी नि नवरा भिंतीला टेकून उभे. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, परत वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "पायाला कुठे बधिरपणा आहे?"

"नाही," अण्णा म्हणाले.

"आहे!" मी म्हटलं. शब्द दिला होता, मोडला. "पावलावर आणि नडगीच्या बाहेरून. परवा एवढं कापलं, यांना पत्ता नव्हता. मला सांगू नको म्हणाले होते. आणि यांच्या थोरल्या भावाला काय झालं होतं तेही यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही, तेही सांगते." आणि मी सगळं सांगितलं. अण्णा खाली बघत होते.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. मग अण्णांना विचारलं, "तुमच्या भावाच्या पायाला बधिरपणा होता?"

"नव्हता," अण्णा म्हणाले. "शेवटपर्यंत सगळं कळायचं. माशी बसलेली कळायची. हाकलता यायची नाही."

मग डॉक्टर म्हणाले, "बरोबर. तो आजार स्पर्श घेऊन जात नाही. तुमचा स्पर्श गेलाय, म्हणजे तुमचं दुखणंच वेगळं. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंत, तर इतक्या रात्री जागून काढाव्या लागल्या नसत्या."

"पण सगळीकडे बद्द आहे ना," अण्णा म्हणाले. "मी ऐकलं. हात, पाय, कंबर. सैल सोडलं की काही वाजत नव्हतं."

डॉक्टरांना कळायला जरा वेळ लागला. मग ते मोठ्याने हसले, आणि सासूबाईंचा चेहरा बघून लगेच थांबले. "अहो, आराम करणारा चांगला स्नायू गप्पच असतो! सैल सोडल्यावर तो आपणहून तडतडला, तर आम्हाला काळजी. तुमचे हात, कंबर, डावा पाय सगळे गप्प होते आणि जोर लावल्यावर नीट बोलले. म्हणजे ते चांगले आहेत. भावाच्या आजाराची एकही खूण इथे नाही."

"म्हणजे... शांत म्हणजे चांगलं?"

"शांत म्हणजे चांगलं. तडतड होती ती फक्त त्या नडगीत. तिथले थोडे धागे दुखावलेत."

मी रिपोर्टकडे बघितलं. ओळीने तेच, तेच, तेच. प्रत्येक ओळ चांगली बातमी होती आणि मी ती मृत्युपत्रासारखी वाचली होती.

"आणि ब्लॉक?" नवऱ्याने विचारलं.

डॉक्टरांनी अण्णांच्या गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूच्या हाडावर बोट ठेवलं. पाऊल उचलणारी नस इथे हाडाला वळसा घालून जाते, अगदी कातडीखालून. खाली झटका दिला की पाऊल उडतं, म्हणजे खालची नस जिवंत आहे. वर दिला की नुसतं हलतं, म्हणजे संदेश मध्येच, या चार बोटांत अडतोय. नस तुटलेली नाही, दबली आहे. "कशाने दबली ते मात्र मला कळत नाही. तुम्ही बसता कसे कामाला?"

अण्णा उठले आणि डॉक्टरांच्या टेबलाशेजारी उकिडवे बसले. गुडघे पूर्ण मुडपून, चाळीस वर्षं बसले तसे. मी तापाचं आणि वाचनालयाच्या सोळा दिवसांचं सांगितलं.

"सोळा दिवस?" डॉक्टर म्हणाले. "तेही तापातून उठून, अंगावर मांस नसताना? त्या नसेची गादीच गेली होती हो!"

अण्णा बसल्या बसल्या विचार करत होते. मग म्हणाले, "म्हणजे बाईंनी वरून, खालून, मधून ठोकून बघितलं. आणि बद्द फक्त इथे." त्यांनी हाडावर बोट ठेवलं.

"फक्त तिथे. तीन-चार महिन्यांत बरीचशी ताकद परत यावी. दोन महिन्यांनी मी बघणारच आहे. पावलाला आधाराचा पट्टा लावायचा, खाऊन वजन वाढवायचं, आणि असं बसायचं नाही. आत्तासुद्धा नाही. उठा!"

अण्णा उठायच्या ऐवजी बोटांच्या पेरांनी जमीन ठोकायला लागले. टक, टक, बद्द. "डॉक्टर, तुमच्या खुर्चीखालची फरशी पोकळ आहे," असं म्हणाले आणि तिथेच बसून रडायला लागले. मी त्यांना तसं रडताना पहिल्यांदा बघितलं. सासूबाईंनी त्यांना उठवलं नाही. त्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत होते, पुढचा पेशंट दार ढकलत होता, आणि नवरा त्याला हाताने थांबवत होता.

जाताना अण्णांनी तपासणीच्या खोलीचं दार वाजवलं. बाई बाहेर आल्या. अण्णांनी त्यांना हात जोडले आणि म्हणाले, "तुम्ही पाय गरम करून घेतलात. नाहीतर नसेवर आळ आला असता." त्या म्हणाल्या, "अहो, ते तर करावंच लागतं." मला वाटलं, जगात अशी किती माणसं असतील, जी नुसतं करावं लागतं म्हणून नीट करतात, आणि आपलं आयुष्य त्यांच्या हातून सुखरूप निघून जातं. मीही हात जोडले.

सहाव्या आठवड्यात अंगठा उचलला. दहाव्यात सगळी बोटं. एका सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीतली ती फरशी बदलली गेली. अण्णा स्टुलावर बसून सांगत होते आणि खाली उकिडवी मी. दर दहा मिनिटांनी ते मला उठवायचे, "पाय मोकळा कर, तुझीही नस तिथेच आहे." शेवटी मी चारही कोपरे ठोकले, मध्ये ठोकलं, आणि म्हटलं, "भरीव आहे." त्यांनी स्वतः ठोकून बघितलं नाही. माझ्या शब्दावर हत्यारं आवरली.

बूट गेले, नव्या चपला आल्या. आता सकाळी फट फट, फट फट असा आवाज घरभर असतो आणि मी त्याबद्दल काही बोलत नाही. पण एक सवय मला लागलीय. ते झोपले की मी दारातल्या त्यांच्या चपला उलट्या करून तळवे बघते. जुन्या जोडातली उजवी पुढून पार कागदासारखी झाली होती. ती मी फेकली नाही, माझ्या कपाटात आहे.

काल दुपारी असंच बघत होते. अण्णा मागे कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही. त्यांनीही वाकून बघितलं.

"काय, सूनबाई? लेव्हलमध्ये आहे?"

मी दोन्ही तळव्यांवरून अंगठा फिरवला. "आहे अण्णा," मी म्हटलं. "दोन्ही सारख्या झिजल्यात."